शब्द दोन्हीकडे वळतो तेव्हा

प्रिय ज्युनिअर,

अनेक आशीर्वाद.

एक न्यायालय कलमातल्या शब्दाला घट्ट धरून बसतं आणि दुसरं त्यामागचा हेतू शोधत लांबवर जातं, मग निकाल न्यायाधीशांच्या मर्जीवरच ठरतो म्हणायचं का, असं तू विचारलंस. मर्जीला वाव असतो, पण तुला आज वाटतो त्याहून पुष्कळ कमी. शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर त्या संदिग्धतेचा तोटा कोणी सोसायचा, हे न्यायालयाला ठरवावं लागतं. फौजदारी खटल्यात त्याचं उत्तर एक असतं, करप्रकरणात दुसरं आणि वारशाच्या दाव्यात तिसरंच. म्हणून मॅटर हातात आलं की आधी वाद कोणत्या जातीचा आहे ते ओळख. केस लॉ, म्हणजे जुने निकाल, त्यानंतर.

अर्थात, संदिग्धता मुळात असली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचा १९६१ चा एक निकाल नक्की वाच, तो अकोल्याच्या विक्रीकर अधिकाऱ्याविरुद्धच्या प्रकरणातला आहे. भाजीपाल्याला विक्रीकर माफ होता. विड्याच्या पानांचे व्यापारी म्हणाले, पान वनस्पतीचंच, म्हणजे तीही भाजीच. वनस्पतिशास्त्राचा आधार घेतला तर युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. पण न्यायालयानं विचारलं की बाजारात माणसं भाजी कशाला म्हणतात? परसात पिकते आणि जेवणात येते ती भाजी. विड्याचं पान त्यात बसत नाही. शिवाय करमाफीच्या यादीत पानांची वेगळी नोंद आधी होती आणि ती विधिमंडळानं काढून टाकली होती, हेही व्यापाऱ्यांच्या विरुद्ध गेलं. रोजच्या व्यवहारातला शब्द लोक वापरतात त्याच अर्थानं वाचायचा, हा झाला पाया. बहुतेक प्रकरणं इथंच संपतात. बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, बाजूला ठेवून थेट हेडनोट, म्हणजे निकालावरचा सारांश, शोधणाऱ्यांना हे कळत नाही, म्हणून तुला कलम आधी वाचायला सांगतो. परंतुक (कलमाला जोडलेली अट किंवा अपवाद) आणि स्पष्टीकरणासकट.

आता फौजदारी. मुंबईतलं पागडीचं १९५४ मध्ये निकाली निघालेलं प्रकरण बघ. जागा भाड्यानं देताना पागडी, म्हणजे भाड्याशिवायची वरची रक्कम, घेणं त्या वेळच्या मुंबई भाडे कायद्याखाली गुन्हा होता. इथं मात्र इमारत अर्धवट होती आणि ती पूर्ण झाल्यावर जागा भाड्यानं देण्याचा नुसता करार करून पैसे घेतले होते. उच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली. कायद्याचा हेतू पाहिला तर ते चूक वाटत नाही, कारण पागडी बंद करण्यासाठीच तर तो कायदा होता. तरीही सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. कलम भाडेपट्टा देण्याबद्दल बोलत होतं, पुढे कधीतरी देऊ या कराराबद्दल नव्हतं. शिक्षा सांगणाऱ्या कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर आरोपीला वाचवणारा अर्थ घ्यायचा, आणि विधिमंडळाचा हेतू पुरा करायला न्यायालयानं शब्द ताणायचे नाहीत. माणसाचं स्वातंत्र्य जाणार असेल, तर कुठली कृती गुन्हा आहे ते आधी स्वच्छ शब्दांत लिहिण्याची जबाबदारी सरकारची. मला हे तत्त्व मनापासून पटतं. (पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं पागडीला मान्यताच दिली.)

करप्रकरणात हाच विचार थोडा पुढे जातो. कर लावणारं कलम संदिग्ध असेल तर फायदा करदात्याला. पण करातून सूट मागायची असेल तर आपण सवलतीत बसतो हे करदात्यानं दाखवायचं, आणि तिथे शंका राहिली तर फायदा सरकारला. २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं मुंबईच्या सीमाशुल्क प्रकरणात हे स्पष्ट केलं.

आणि आता मुलींचा हिस्सा. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण कायद्याचा अर्थ बदलला की एखाद्या घरात काय बदलतं ते इथे जवळून दिसतं.

महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायिक, म्हणजे जन्मानंच हिस्सेदार, केलं होतं, पण कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट ठेवली नाही. हिंदू वारसा कायद्याचं कलम ६ म्हणतं की दुरुस्ती लागू झाल्यापासून मुलगी मुलासारखीच ‘जन्मानं’ सहदायिक होईल. लागू झाल्यापासून की जन्मानं? दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत. २०१५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठानं पहिल्यावर भर दिला आणि त्या तारखेला बाप आणि मुलगी दोघंही हयात हवीत असं ठरवलं. २०१८ मध्ये दुसऱ्या दोन न्यायाधीशांच्या पीठानं, वडील २००१ मध्येच वारलेले असूनही, मुलींना हिस्सा दिला. खालच्या न्यायालयांनी कोणाचं ऐकायचं? शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायाधीशांच्या पीठानं विनीता शर्मा प्रकरणात गाठ सोडवली.

त्यांनी दया म्हणून हक्क दिला नाही, हे नीट लक्षात घे. ते मिताक्षरेपर्यंत, म्हणजे हिंदू वारसा हक्कावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथापर्यंत, मागे गेले. सहदायिकाचा हक्क जन्मानं येतो, तो बापाच्या मरणावर अवलंबून नसतो, त्याला अप्रतिबंध दाय, म्हणजे आड काही न येणारा वारसा, म्हणतात. मग २००५ ला बाप हयात होता की नव्हता याला अर्थच उरत नाही. मुलगी जन्मानं सहदायिक, तो हक्क बजावायचा मात्र ९ सप्टेंबर २००५ पासून. दोन्ही शब्दांना आपापली जागा मिळाली, एकही वाया गेला नाही. असं वाचन मला सर्वांत सुंदर वाटतं.

वाद ओळखणं म्हणजे पुराव्याचा भार ओळखणंही. न वटलेल्या चेकचा खटला फौजदारी आहे म्हणून फिर्यादीनं सगळं संशयापलीकडे सिद्ध करावं, असं धरून चालू नकोस. सही मान्य झाली की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३९ चं गृहीतक, म्हणजे चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं धरणं, आरोपीच्या विरुद्ध उभं राहतं. मात्र ते खोडायला त्याला शक्यतेचा तोल आपल्याकडे झुकवला तरी पुरतं, आणि त्यासाठी फिर्यादीच्याच उलटतपासणीतून निघालेला मजकूरही चालतो. २०१० चा रंगप्पा निकाल यासाठी पाठच कर.

निकाल वाचताना वस्तुस्थिती कधी गाळू नकोस. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयानं घोषित केलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, पण त्या वादाचा निर्णय ज्या कारणावर उभा आहे ते बंधनकारक. ओघात केलेलं विधान नव्हे. समोरच्या वकिलानं एखादं सुंदर वाक्य वाचून दाखवलं की त्या प्रकरणात घडलं काय होतं ते काढ.

आपल्याकडे आलेल्या त्या बहिणींच्या दाव्यात भावांची कैफियत आहे की वाटणी तोंडी आणि खूप आधी झाली. २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटणी कायद्यानं अबाधित ठेवली आहे, पण वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा हुकूमनामा, असं कलम ६ च्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. तोंडी वाटणी सार्वजनिक दस्तऐवजांनी भक्कम सिद्ध झाली तरच, तीही अपवाद म्हणून, मानली जाते. तेव्हा सोमवारी तलाठ्याकडून सगळे फेरफार काढून आण, नोंदीच्या तारखा बघ, आणि कोणत्या अर्जावरून व कोणाच्या सह्यांनी त्या झाल्या ते लिहून ठेव. फेरफारानं मालकी मिळत नाही, पण भाऊ त्याच्याच जोरावर उभे राहणार आहेत. बहिणींची सही कुठे आहे का, ते आधी शोध.

तुझा,
सीनियर