इमान, ईमान आणि अनामत रक्कम

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मैत्रीण नोकरीसाठी परगावी निघाली, तेव्हा तिच्या दादीने डोक्यावरून हात फिरवत म्हटलं, "ईमान सलामत रहे, बेटा." विचारणाऱ्या ताईंना वाटलं, 'कामात लबाडी करू नकोस' असं दादी बजावतायत. मैत्रीण हसली, म्हणाली, तसं नाही गं. तर मराठीतलं इमान आणि दादींचं ईमान एकच का? आणि एकच असेल तर मराठीने त्याचा अर्थ बिघडवला का?

शब्द एकच. बिघडवला म्हणणं मात्र मराठीवर अन्याय होईल.

एखादं नाम अडलं की त्याच्याबरोबर कोणती क्रियापदं येतात ते बघायची माझी सवय आहे. मराठीत इमान राखतात, इमानाला जागतात, आणि वेळ आली तर विकतातही. तिन्ही ठिकाणी समोर कोणीतरी असतं: धनी, मित्र, ज्याचं मीठ खाल्लं तो. म्हणून आपल्याकडे कुत्राही इमानी. उर्दूत मात्र 'ईमान लाना' असतं. माणूस अल्लाहवर ईमान आणतो. 'गड्याने मालकावर इमान आणलं' असं मराठीत म्हणून बघा, वाक्य उभंच राहत नाही.

हे 'आणायचं' ईमान नेमकं कशावर? आपल्याकडच्या मकतबांमध्ये (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या शाळांत) लहान मुलांकडून कलम्यांबरोबर (श्रद्धेच्या ठरलेल्या वाक्यांबरोबर) 'ईमान-ए-मुफस्सल' पाठ करून घेतात. मुफस्सल म्हणजे तपशीलवार. सुरुवात 'आमन्तु बिल्लाहि', म्हणजे 'मी अल्लाहवर ईमान आणलं', आणि मग एका दमात त्याचे फरिश्ते (देवदूत), त्याचे ग्रंथ, त्याचे रसूल (प्रेषित), अखेरचा दिवस, बरंवाईट नशीब अल्लाहकडूनच असणं आणि मेल्यावर पुन्हा उठणं. सहा-सात वर्षांची पोरं मागेपुढे डोलत हे म्हणतात, 'व कुतुबिही व रुसुलिही'वर ('आणि त्याचे ग्रंथ आणि त्याचे रसूल') हमखास ठेका धरतात. ग्रंथ आणि रसूल ही इथे अनेकवचनं आहेत, तिकडे लक्ष द्या. कुराणाबरोबर तौरात, जबूर आणि इंजील हे आधीचे ग्रंथ, मुहंमद पैगंबरांबरोबर इब्राहीम (अब्राहम), मूसा (मोझेस) आणि ईसा (येशू). ईसांना रसूल न मानणाऱ्याचं ईमान पुरं होत नाही, हे अनेक मराठी वाचकांना नवीन वाटतं.

या एका ओळीतले शब्द आपण दिवसभर वापरत असतो. 'यौमिल-आखिर' मधला आखिर मराठीत 'अखेर' झाला आणि महिनाअखेरीच्या पगारात जाऊन बसला. नशिबासाठीचा 'कद्र' हा तकदीरचा आणि आपल्या 'कदर'चा सख्खा; मूळ कल्पना मोजण्याची, माप ठरवण्याची. 'कुतुब' हे किताबचं अनेकवचन. (पैलवानाला मिळतो तो किताब यातला नाही, तो 'खिताब'. मराठीने ख चा क केला आणि पदवी व पुस्तक एकाच खुंटीला टांगलं.)

आता मुळाकडे. ईमानचा धातू अ-म-न, अर्थ निर्धास्त असणं, सुरक्षित असणं. त्यातून अमन म्हणजे शांतता, अमीन म्हणजे भरवशाचा माणूस, मोमीन म्हणजे ईमान आणलेला, आणि अमानत म्हणजे भरवशावर सोपवलेली ठेव. ही अमानत मराठीत आली आणि तिची अक्षरं उलटीपालटी होऊन 'अनामत' झाली. वाचनालयाच्या पावतीवर असते ती, आणि निवडणुकीत जप्त होते तीही. इमान आणि अनामत ही भावंडं आहेत हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जुनी पावती काढून उगाच पुन्हा वाचली होती.

पैगंबरी लाभण्याआधीपासून मक्केचे लोक मुहंमदांना 'अल-अमीन' म्हणत आणि आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवत. 622 साली मदिनेकडे निघताना त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करायचं काम त्यांनी आपले चुलतभाऊ अली यांच्यावर सोपवलं, असं चरित्रपरंपरा सांगते. 'मुस्नद अहमद' या संग्रहातली एक हदीस (पैगंबरांचं वचन) तर सरळ म्हणते: ज्याच्यात अमानत नाही, त्याच्यात ईमान नाही. तेव्हा मराठीने उचलला तो अर्थ परका नव्हे, त्याच झाडाची ती खालची फांदी आहे. हिंदी-उर्दूतही 'ईमानदार' म्हणजे प्रामाणिकच. आपण तर पुढे जाऊन इमानाला मराठी तृतीया लावली आणि 'इमानेइतबारे' असा झकास जोडशब्द केला (इतबार म्हणजे भरवसा).

ईमान आणि इस्लाम यांतही फरक आहे आणि तो कुराणातच केलेला आहे. 49व्या अध्यायात, 14व्या आयतीत, काही वाळवंटी टोळीवाले म्हणतात, आम्ही ईमान आणलं. त्यांना उत्तर मिळतं ते साधारण असं: तुम्ही ईमान आणलेलं नाही, 'आम्ही शरण आलो' एवढंच म्हणा (इस्लामचा शब्दशः अर्थ शरण येणं), ईमान अजून तुमच्या हृदयात शिरलेलं नाही. नमाज, रोजा, जकात, हज ही बाहेरून दिसतात. ईमान आत असतं. मग आचरण हा ईमानचाच भाग धरायचा की नाही? यावर जुना वाद आहे. इमाम अबू हनीफांच्या मते ईमान म्हणजे मनाने मानणं आणि तोंडाने कबूल करणं, आणि ते कमीजास्त होत नाही. इमाम शाफिईंच्या मते कृतीही त्यातच येते, म्हणून ते वाढतं आणि घटतं. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी (अबू हनीफांच्या परंपरेचे) आणि कोकणी मुसलमान शाफिई, म्हणजे हा वाद आपल्या घाटाच्या वर आणि खाली दोन्हीकडे नांदतो आहे. अर्थात गावात त्यावरून कोणी भांडताना दिसत नाही.

भाषांतर विचाराल तर 'प्रामाणिकपणा' इथे साफ चुकेल, 'विश्वास' तोकडा पडतो, 'निष्ठा' अर्धी जुळते. मी 'श्रद्धा' घेईन. दादींचं वाक्य मराठीत 'तुझी श्रद्धा शाबूत राहो' असं होईल. त्यात एक गोष्ट हरवते: 'सलामत'चा धातू स-ल-म, तोच 'इस्लाम'चा. दादींनी दोन शब्दांत दोन्ही धातू गुंफले होते, आणि त्यांना ते बहुधा जाणवलंही नसेल.

आणखी एक, ताई. याच दादी कधी स्वतःसाठी दुआ मागताना म्हणतील, "अल्लाह मेरा खातमा ईमान पर करे." दचकू नका. मराठीत खातमा शत्रूचा करतात. दादींचा खातमा म्हणजे नुसता शेवट: मरताना मनात ईमान असावं, एवढंच त्या मागतायत.