एकाच फ्री डिशच्या छत्रीवर दोन टीव्ही लावलेत, पण हॉलमधला बॉक्स बंद केला की आतल्या खोलीत ‘नो सिग्नल’ येतो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की छत्री डीडी फ्री डिशची आहे, बाजारातून स्प्लिटर (एका केबलचे दोन फाटे करणारी डबी) आणून दोन बॉक्स जोडलेत, दोन्ही चालू असले की चित्र छान येतं, पण हॉलमधला बॉक्स बटणापासून बंद केला की आतला टीव्ही जातो. मी छत्र्या बसवायचंच काम करतो आणि ही तक्रार फार ओळखीची आहे. आधी एक सांगतो: छत्रीला हात लावू नका. तिचं तोंड बरोबर आहे, म्हणून तर हॉलमध्ये चित्र येतंय.

छत्रीच्या दांड्यावर पुढे जो डबा असतो, तो एलएनबी. त्याला चालायला वीज लागते आणि ती तुमचा सेटटॉप बॉक्सच पुरवतो. ज्या केबलमधून सिग्नल खाली येतो, त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट वर जातात. बऱ्याच स्प्लिटरमध्ये ही वीज एकाच तोंडातून वर जाऊ शकते. तुमच्याकडे त्या तोंडाला हॉलची केबल लागलीय. हॉलचा बॉक्स बंद झाला की एलएनबी मेला, मग आतल्या बॉक्सने कितीही वाट पाहिली तरी खाली काय येणार?

खात्री करायची तर दोन्ही बॉक्स बंद करा आणि स्प्लिटरच्या खालच्या दोन केबल अदलाबदल करून लावा. आता आतला बॉक्स एकटा चालला आणि हॉलचा एकटा चालला नाही, की समजा हेच कारण. केबल काढता-लावताना बॉक्स बंदच हवेत. केबलच्या टोकाला लावलेल्या पिनमध्ये बाहेरच्या जाळीची एक बारीक तार जरी मधल्या तांब्याला टेकली तरी शॉर्ट होतो.

आता स्प्लिटर हातात घेऊन त्याच्या पत्र्यावरचे आकडे वाचा. ‘५-१००० मेगाहर्ट्झ’ लिहिलं असेल तर तो केबल टीव्हीचा आहे, छत्रीसाठी तो घेऊच नका. एलएनबीतून खाली येणारा सिग्नल साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो, म्हणजे जवळपास सगळा त्या स्प्लिटरच्या हद्दीबाहेर. दुकानात ‘५-२४०० मेगाहर्ट्झ, सगळ्या तोंडांना पॉवर पास’ असं स्पष्ट सांगून मागा. त्यात प्रत्येक तोंडाला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, त्यामुळे कुठलाही एक बॉक्स चालू असला तरी एलएनबीला वीज मिळते आणि एका बॉक्सची वीज दुसऱ्यात शिरत नाही. दुकानदार कधीकधी डायसेक स्विच हातात देतो, दिसायला तसाच असतो. त्याचं काम उलटं आहे: दोन एलएनबी एका बॉक्सला जोडणं. तो परत करा.

स्प्लिटरवर भागतं ते फ्री डिशमुळेच. बॉक्स १३ व्होल्ट देतो तेव्हा एलएनबी उभ्या लहरी घेतो, १८ दिले की आडव्या. जीसॅट-१५ उपग्रहावरून येणारे फ्री डिशचे चॅनल उभ्या लहरींवर आहेत, त्यामुळे दोन्ही बॉक्स एकच गोष्ट मागतात आणि भांडण होत नाही. फक्त एका खोलीत कुणी चॅनल सर्च लावला, की तो बॉक्स मध्येच १८ व्होल्ट देतो आणि तेवढ्यापुरता दुसरा टीव्ही अडकतो. तेव्हा घाबरू नका, सर्च संपला की येतो. खासगी डीटीएचला मात्र हा स्प्लिटर लावू नका. तिथे चॅनल उभ्या-आडव्या दोन्हींवर असू शकतात, त्यामुळे एकाने चॅनल बदलला की दुसऱ्याचं चित्र जातं, शिवाय दुसऱ्या बॉक्सचे पैसे वेगळे भरावे लागतात ते आहेच.

माझं मत विचाराल तर स्प्लिटरपेक्षा दोन तोंडांचा ट्विन एलएनबी बसवा. काही शे रुपयांचं काम आहे. प्रत्येक खोलीला गच्चीवरून स्वतंत्र केबल येते, एकाचा दुसऱ्याशी संबंध राहत नाही आणि सिग्नलही वाटला जात नाही. स्प्लिटरमध्ये प्रत्येक टीव्हीला निम्म्याहून कमी ताकद पोचते. उन्हाळ्यात ते जाणवत नाही, पण जुलैत धो धो पाऊस लागला की छत्रीचा सिग्नल आधीच पडलेला असतो आणि तिथे हा तोटा नडतो. जुन्या अँटेनावर निदान मुंग्या येऊन तरी बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये चौकोन फुटतात आणि लगेच पडदा काळा. पुढे तिसरा टीव्ही येणार असेल तर चार तोंडांचा ‘क्वाड’ घ्या. ‘क्वाट्रो’ घेऊ नका, त्याला मल्टिस्विच, म्हणजे सिग्नल वाटून देणारा वेगळा डबा, लागतो.

बूस्टरच्या नादी शेवटी लागा. आधी केबल आरजी-६ (छत्रीला लावतात तो प्रकार) आहे का बघा आणि मध्ये कुठे तार पिळून टेप मारलेला जोड असेल तर तो काढून टाका. तुमचा स्प्लिटर पत्र्याखाली उघड्यावर आहे असं तुम्ही लिहिलंय, तर पिन उघडून आत बघा. मधलं तांबं हिरवं-काळं पडलं असेल तर पाणी शिरलंय. केबलमधून पाणी पार बॉक्सपर्यंत उतरतं. तेवढा तुकडा कापून नवी पिन लावा, स्प्लिटर घरात घ्या आणि केबल भिंतीतून आत येण्याआधी खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. स्प्लिटरचं एखादं तोंड रिकामं राहिलं तर त्यावर ७५ ओहमचं टोपण बसवा. पॉवर पास तोंडावर वीज असते, म्हणून डीसी अडवणारं टोपणच मागा.

आणखी एक. सगळं नीट जोडल्यावरही आतल्या टीव्हीवर हॉलपेक्षा कमी चॅनल दिसले तर पुन्हा गच्चीवर चढू नका. आतला बॉक्स जुना एमपेग-२ असणार, म्हणजे चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धतच त्याला कळते. फ्री डिशचे काही चॅनल एमपेग-४ या नव्या पद्धतीत येतात, ते त्याला उलगडता येत नाहीत. त्यासाठी बॉक्सच बदलावा लागेल.