बेळगावात मिळणारे बेक्ड बटाटा चिप्स मुलांच्या डब्याला रोज दिले तर चालतील का?

रोज नको, तळलेल्यांपेक्षा बरे असले तरी ते पौष्टिक खाऊ नव्हेत. पाकिटांमागचे तक्ते ताडून बघा: १०० ग्रॅम तळलेल्या चिप्समध्ये साधारण ५४० कॅलरी आणि ३५ ग्रॅमच्या आसपास फॅट असतं. बेक्डमध्ये फॅट बहुधा निम्म्यावर येतं, पण कॅलरी ४३० ते ४७० राहतातच, कारण तेलाची जागा स्टार्च घेतो. पुष्कळ बेक्ड चिप्स बटाट्याचे काप नसतातच. सुक्या बटाट्याचा चुरा, स्टार्च, थोडी साखर मळून, लाटून भाजलेले असतात. मीठ जवळपास तेवढंच, कधी जास्तही. म्हणून 'बेक्ड' या शब्दावर न जाता सोडियमचा आकडा आधी वाचा, विशेषतः लहान मुलांसाठी. आपल्याकडे कोपऱ्यावर फुटाणे, भाजलेल्या शेंगा सहज मिळतात. फुटाण्यांत १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, चिप्समध्ये जेमतेम ५ ते ७. डब्यात तेच द्या, वर थोडे चुरमुरे; मूल अगदी लहान असेल तर दाणे कुटून, कारण अख्खे घशात अडकू शकतात. मात्र मूल आत्ता रोज तळलेले चिप्सच खात असेल, तर आधी बेक्डवर आणणं नक्कीच फायद्याचं आहे.