‘मौल्यवान’ खेळाडू आणि मूल्याचे मूळ

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, सप्टेंबर सरत आला की त्याच्या बेसबॉलप्रेमी मराठी मित्रांत ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ कोण ठरणार यावर कडाक्याचे वाद होतात. तर या पुरस्काराला मराठीत ‘सर्वात मौल्यवान खेळाडू’ म्हणावे की ‘सर्वोत्कृष्ट खेळाडू’, ज्याचा संघ प्लेऑफपर्यंत पोचलाच नाही अशा खेळाडूला हा शब्द लावता येतो का, आणि ‘प्लेऑफ’ला ‘बाद फेरी’ म्हटले तर चालेल का?

‘सर्वोत्कृष्ट’ हा शब्द आधीच बाजूला ठेवावा, कारण उत्कृष्टतेचा पुरस्कार बेसबॉलमध्ये वेगळा आहे. बेसबॉल वार्ताहरांची जी संघटना १९३१ पासून मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर निवडते, तीच सर्वोत्कृष्ट पिचरला, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याला, साय यंग पुरस्कार देते. २०२५ मध्ये, बेसबॉलच्या दोन लीगपैकी नॅशनल लीगचा हा पुरस्कार पॉल स्कीन्सला एकमताने मिळाला. त्याचा पिट्सबर्ग पायरेट्स हा संघ ९१ सामने हरून आपल्या गटात तळाला राहिला होता आणि खुद्द स्कीन्सच्या नावावर दहा विजयांसमोर दहा पराभव होते, तरीही त्याची दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची १.९७ ही सरासरी पाहिल्यावर संघाच्या स्थानाचा प्रश्न कोणी गंभीरपणे काढला नाही. हाच प्रश्न मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअरच्या वेळी मात्र दरवर्षी निघतो, तो त्या नावातल्या मूल्यवाचक शब्दामुळे. तो शब्द ‘उत्कृष्ट’ने झाकून टाकला, तर वादाचे कारणच मराठी वाचकाला दिसणार नाही.

आता ‘मौल्यवान’. हे रूप मी रोज ऐकतो, वाचतो, आणि प्रत्येक वेळी मला ते खटकते. सुंदरपासून सौंदर्य, उदारपासून औदार्य, शूरपासून शौर्य अशी भाववाचक नामे होतात, तेव्हा आदिस्वराची वृद्धी होते आणि शेवटी ‘य’ येतो. ‘मूल्य’ हा शब्द ‘मूल’ला प्रत्यय लागून आधीच तयार झालेला आहे आणि तो पूर्ण नाम आहे, त्याला पुन्हा वृद्धी देऊन काहीच साधत नाही. ‘मौल्य’ हे त्या नियमाने फोडायचे ठरवले, तर त्याचा अर्थ फार तर ‘मूळपणा’ असा होईल. माझा तर्क असा आहे की, बोलण्यातल्या ‘मोल’मधला ‘ओ’ मनात ठेवून कोणीतरी त्याला संस्कृत वेष चढवला आणि ‘मोल’ व ‘मूल्य’ यांच्या मिश्रणातून ‘मौल्य’ जन्माला आले. जे अभ्यासक ‘रूढ झाले ते शुद्ध’ एवढ्यावर हा विषय मिटवतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. रूढीने नवा अर्थ किंवा नवी छटा दिली, तर तिचा मान राखावा. ‘मौल्यवान’ने असे काय दिले, जे ‘मूल्यवान’मध्ये नव्हते? दोन्ही रूपे शेजारी छापून मौन पाळणे ही कोशकारांची तटस्थता नसून जबाबदारी टाळणे आहे.

पण खरा आनंद ‘मूल्य’च्या व्युत्पत्तीत आहे आणि या वादाची किल्लीही तिथेच आहे. पाणिनीच्या संस्कृत व्याकरणातल्या चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादात एकाच सूत्रात (४.४.९१) आठ शब्दांना ‘य’ प्रत्यय सांगितला आहे आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा दिला आहे. नावेने तरून जाण्याजोगे ते नाव्य, वयाने बरोबरीचा तो वयस्य, तराजूने समान भरलेले ते तुल्य. त्या यादीत ‘मूल’ हा शब्द मात्र दोनदा येतो: एकदा ‘आनाम्य’ या अर्थाने आणि एकदा ‘सम’ या अर्थाने. म्हणजे मुळाने जे वाकवून आपल्याकडे आणले, ते मूल्य. आणि जे मुळाच्या बरोबरीचे, तेही मूल्य. काशिकावृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका यातल्या पहिल्या अर्थाचे विवरण कापडाच्या व्यवहारातून करते. कापड तयार होण्यास जे भांडवल कारण झाले ते मूळ, आणि मूल्य म्हणजे ‘सगुणं मूलम्’, अर्थात वाढीसह मुद्दल. ‘मूल्य म्हणजे किंमत’ एवढे लिहून जे व्युत्पत्तिकार पुढच्या शब्दाकडे वळतात, ते या सूत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाचकापासून दूर ठेवतात. ती गोष्ट अशी की, मूल्य मोजायचे तर आधी मूळ कोणते ते ठरवावे लागते. मुळावाचून मूल्य हा शब्द उभाच राहत नाही.

बेसबॉलच्या अभ्यासकांनी नेमके हेच केले आहे. ‘विन्स अबव्ह रिप्लेसमेंट’, म्हणजे ज्याला सगळे ‘वॉर’ म्हणतात ते परिमाण, एखाद्या खेळाडूची तुलना आदर्श खेळाडूशी किंवा लीगच्या सरासरीशी करत नाही. ते त्याची तुलना अशा बदली खेळाडूशी करते, जो कनिष्ठ लीगमधून किमान वेतनावर केव्हाही उभा करता येतो. सगळा संघ अशा बदली खेळाडूंचाच असेल, तर १६२ सामन्यांच्या हंगामात तो सुमारे ४८ सामने जिंकेल, असे त्या गणितात धरलेले आहे. हे ४८ विजय म्हणजे मुद्दल. त्याच्या वर एखादा खेळाडू आपल्या फलंदाजीने, धावण्याने आणि क्षेत्ररक्षणाने जितके विजय मिळवून देईल, ते त्याचे वॉर. काशिकेतल्या ‘सगुण’मधला जो ‘गुण’, तोच हा आकडा. इतक्या दूरच्या काळातल्या दोन विचारांची घडण इतकी सारखी निघावी, याचे मला मनापासून आश्चर्य वाटते, आणि ‘व्हॅल्यू’ला प्रतिशब्द शोधणाऱ्याने ‘मूल्य’ सोडून दुसरीकडे पाहू नये असे मी म्हणतो ते त्यामुळेच.

याची कसोटी २०१२ च्या अमेरिकन लीगच्या वादावर घ्यावी, कारण त्यानंतरचे बहुतेक वाद त्याचीच पुनरावृत्ती आहेत. डेट्रॉइट टायगर्सच्या मिगेल कब्रेराने फलंदाजीची ०.३३० सरासरी, ४४ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) आणि त्याच्या फटक्यांवर आलेल्या १३९ धावा अशा तिन्ही यादीत पहिला क्रमांक मिळवून ट्रिपल क्राउन पटकावला. १९६७ मधल्या कार्ल यास्त्रेम्स्कीनंतर ते कोणाला जमले नव्हते. दुसरीकडे एंजल्स संघाचा माइक ट्राउट, वय अवघे वीस-एकवीस, सरासरी ०.३२६, ३० होम रन, ४९ चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले टप्पे), स्वतः धावून पूर्ण केलेल्या १२९ धावा आणि मध्य मैदानातले अप्रतिम क्षेत्ररक्षण. वॉरच्या हिशेबात ट्राउट दहाच्या आसपास, तर कब्रेरा सातच्या आसपास होता. २८ मतदारांपैकी २२ जणांनी कब्रेराला पहिल्या क्रमांकाचे मत दिले आणि ३६२ विरुद्ध २८१ गुणांनी तो विजयी झाला. त्याच्या बाजूने सर्वांत मोठ्याने मांडलेला एक मुद्दा असा होता की, टायगर्स प्लेऑफमध्ये गेले आणि एंजल्स गेले नाहीत. परंतु टायगर्सनी ८८ सामने जिंकले होते आणि एंजल्सनी ८९. एंजल्सच्या गटात ओकलंड ९४ आणि टेक्सस ९३ विजयांवर होते, म्हणून अधिक सामने जिंकूनही ते बाहेर राहिले. ट्राउटला २८ एप्रिलला संघात बोलावले तेव्हा एंजल्सचे सहा विजय आणि चौदा पराभव झाले होते. तिथून पुढे त्यांनी ८३ सामने जिंकले व ५९ गमावले. शेजारच्या संघांचे विजय खेळाडूच्या मूल्यातून वजा करणे हा मुळाविषयीचा गोंधळ आहे. मूळ त्याच्या जागी उभा राहू शकणारा बदली खेळाडू आहे; गटातला प्रतिस्पर्धी नाही. तो पुरस्कार ट्राउटचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. मतदारांना दिल्या जाणाऱ्या सूचनाही हेच सांगतात: खेळाडूचे आपल्या संघासाठी प्रत्यक्ष मूल्य किती हा पहिला निकष, आणि तो प्लेऑफमध्ये गेलेल्या संघातलाच असला पाहिजे असे बंधन नाही. १९८७ मध्ये गटात तळाला राहिलेल्या शिकागो कब्सच्या आन्द्रे डॉसनला हा पुरस्कार मिळालाच होता. वाचकाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यात आले.

मात्र माझ्या सूचनेतला शब्द ‘मूल्यवान’ही नाही. ‘मूल्य’ प्राकृतात ‘मोल्ल’ झाले आणि मराठीत ‘मोल’ होऊन अनमोल, कवडीमोल, मोलमजुरी, मोलकरीण अशा शब्दांत राहिले. क्रिकेटच्या मराठी वार्तांकनात ‘मोलाची खेळी’, ‘मोलाची भागीदारी’ हे प्रयोग इतके मुरले आहेत की, ते वाचताना धावांच्या आकड्याआधी त्या धावांनी संघाचे काय साधले हे मनात येते. शतक करणारा उत्कृष्ट खेळला असेल, आणि तरीही आठव्या क्रमांकावर आलेल्याच्या तीस धावा मोलाच्या ठरतात. म्हणून ‘सर्वांत मोलाचा खेळाडू’ असे म्हणावे, आणि ‘सर्वांत’ लिहिताना अनुस्वार द्यावा, कारण निवड सर्वांमधून होत आहे. या शब्दाचा आणखी एक लाभ असा की, तो ‘किंमत’पासून वेगळा राहतो. किंमत हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, त्याच्या धातूचा अर्थ उभे राहणे, म्हणजे वस्तू बाजारात कितीला उभी आहे ते सांगणारा तो शब्द. फलंदाज ह्वान सोटोची किंमत न्यूयॉर्क मेट्सनी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर ठरवली. पहिल्याच हंगामात, २०२५ मध्ये, त्याने ४३ होम रन मारले, संघ ८३ विजयांवर थांबून प्लेऑफला मुकला, आणि मोलाच्या मतदानात सोटो शोहेई ओहतानी व काइल श्वार्बर यांच्या मागे तिसरा आला. तिथे ‘किमती खेळाडू’ असे लिहिले, तर पगाराची यादी वाचल्यासारखे वाटेल.

त्याच वर्षी अमेरिकन लीगमध्ये अ‍ॅरन जज आणि कॅल रॅली यांच्यात झालेली चुरस तर निव्वळ मुळावरूनच होती, कारण दोघांचेही संघ प्लेऑफमध्ये होते. जजची सरासरी ०.३३१ आणि ५३ होम रन. रॅलीचे ६० होम रन, आणि तेही कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसणारा, असून. कॅचरच्या जागी मिळणारा बदली खेळाडू फलंदाजीत इतरांहून दुबळा असतो, म्हणून तिथे मुद्दल कमी धरावे लागते आणि प्रत्येक होम रनचे मोल वाढते. तीस मतदारांत सतरा जजकडे गेले, तेरा रॅलीकडे. मी मतदार असतो, तर रॅलीचे नाव वर लिहिले असते.

‘बाद फेरी’ वापरू नये. एका पराभवाने बाहेर जाणे हा त्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे पक्का आहे, आणि आजच्या बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये पहिली फेरी तीन, दुसरी पाच आणि पुढच्या दोन सात सामन्यांपर्यंत चालतात. आयपीएलमुळे ‘प्लेऑफ’ मराठीत घरोघरी पोचला आहे, तोच ठेवावा.