लेखनशंका : शॅम्पेनचा प्याला आणि १९५२ साल

प्रश्न : मुंबईच्या उच्चभ्रू वर्तुळावर मी कादंबरी लिहीत असून तिचा काळ १९५२ चा आहे. पहिल्याच प्रकरणात नायिका ताजमहाल हॉटेलातील नृत्यसभेत शॅम्पेनचा प्याला उंचावते. हस्तलिखित वाचणाऱ्या मैत्रिणीला हा प्रसंग साबणाच्या जाहिरातीसारखा वाटला. माझे आजोबा त्या काळी गिरगावात शिंपीकाम करीत, त्यामुळे त्या जगाची घरात कोणालाच माहिती नाही. काय करावे? (एक वाचक, दादर)

उत्तर : आपल्या मैत्रिणीचा कान चांगला आहे, मात्र मूळ दोष सालात आहे. मुंबई राज्यात ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली होती. परदेशी नागरिकांना आणि प्रकृतीच्या कारणावरून डॉक्टरांचा दाखला आणणाऱ्यांना परवाना मिळे. इतरांना भर सभेत प्याला उंचावणे परवडणारे नव्हते. तेव्हा तो प्याला काढून टाकू नका, फक्त तो कोणाच्या परवान्यावर आला हे आधी ठरवा. मलबार हिलवरच्या बंगल्यात, पडदे ओढलेल्या दिवाणखान्यात, ठणठणीत तब्येतीचा यजमान आपल्या कागदोपत्री दुखण्याच्या जोरावर पाहुण्यांना पाजतो आहे आणि त्याच रात्री त्याच्या गिरणीतला कामगार हातभट्टीच्या अड्ड्यावर पकडला जातो आहे, एवढे मांडलेत तरी झुंबरांच्या वर्णनाची गरज उरणार नाही. (झुंबरे मला अशा प्रत्येक हस्तलिखितात भेटतात.)

राहिली गोष्ट घरात कोणाला माहिती नसल्याची. ते मला मुळीच पटत नाही, कारण त्या जगाची मापे आपल्या आजोबांच्या वहीत असणार. शिफॉनच्या साडीची आवड ज्यांनी रूढ केली, त्या कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या. म्हणजे ही झगमग मराठी घराला अगदीच परकी नव्हती. शिफॉन कात्रीखाली सरकते, म्हणून खाली कागद घालून ती बेतावी लागते. बाईसाहेब स्वतः दुकानात येत नाहीत, त्यांचा मापाचा ब्लाउज वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रायव्हर आणून देतो, आणि या खेपेला कमरेची शिवण अर्धा इंच सैल करायची आहे हे क्लबातील मैत्रिणींच्या आधी शिंप्याला कळते. कादंबरीला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण आहे.

संगीताच्या बाबतीतही हाच मार्ग धरावा. हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये गोव्याचे अनेक वादक असत. रात्री नाचणाऱ्यांसाठी वाजवून त्यांच्यातले काही जण दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये दिसतो, आणि त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर. तेव्हा नायिका ज्या चालीवर ताजमध्ये नाचली, तिच्याच वळणाचे गाणे शिंप्याच्या दुकानातील रेडिओवर लागले, तर तो योगायोग कृत्रिम वाटणार नाही.

प्रश्न : माझ्या कथेत १९५८ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सबाहेर एक श्रीमंत गृहस्थ दरवानाला आठ आण्यांची बक्षिशी देतो. हे बरोबर आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, म्हणून निवेदनात पन्नास नये पैसे लिहिणे काटेकोर ठरेल. जुनी नाणीही काही वर्षे सोबतच चालत होती आणि ‘आठ आणे’ हा शब्द तर त्यांच्याहून अधिक टिकला, तेव्हा दरवानाच्या तोंडी तो बेलाशक ठेवावा. आठ आणे हातावर पडल्यावर तो सलाम किती वाकून करतो, तेवढे मात्र लिहायचे राहून गेले आहे.