लिफ्ट दुरुस्त करावी की बदलावी?

प्रश्न : कोथरूडमधील आमची इमारत १९९६ सालची आहे. पाच मजले, वीस सदनिका आणि सरकत्या जाळीच्या दाराची, सहा माणसांची एकच लिफ्ट. गेले वर्षभर ती वारंवार बंद पडते. देखभालीचे कंत्राटदार संपूर्ण लिफ्ट बदलायला सांगतात. काही सभासद म्हणतात, पुनर्विकास होणारच आहे, मग आता खर्च कशाला. आणि तळमजल्यावरील सभासद वर्गणी द्यायला तयार नाहीत. निर्णय कसा घ्यावा? – एका सोसायटीच्या सचिव

उत्तर : लिफ्टचे आयुष्य साधारणपणे २० ते २५ वर्षे धरतात, त्यामुळे हा प्रश्न आपण योग्य वेळी विचारला आहे. मात्र लिफ्टचे सगळे भाग एकाच वेगाने जुने होत नाहीत. गाइड रेल (केबिन ज्यांच्या आधाराने वर-खाली सरकते ते रूळ) आणि काउंटरवेट (केबिनचा तोल सांभाळणारे वजन) सुस्थितीत असतील तर नव्या यंत्रणेतही ते ठेवता येतात. झिजतात ते दोर, ब्रेक, गिअर, दारांची कुलपे आणि कंट्रोल पॅनेल. म्हणून प्रथम वर्षभरातील तक्रारींच्या पावत्या काढून प्रत्येक बिघाडाचे कारण एका वहीत उतरवून घ्यावे. बहुतेक नोंदी दारांच्या असतील, तर तेवढेच काम करून भागेल. पण दर वेळी पॅनेलमधला वेगळाच रिले (विजेवर चालणारा स्विच) जळत असेल आणि सुटे भाग जुन्या बाजारातून शोधून आणावे लागत असतील, तर दुरुस्तीवर टाकलेला पैसा वायाच जातो.

काही खुणा आपल्यालाही दिसतात. लिफ्ट मजल्याशी समतल न थांबता बोटभर वर-खाली थांबते का, हे आठवडाभर पाहावे. भाजीची पिशवी घेतलेल्या आजींचा पाय तिथेच अडखळतो. मशीनरूममध्ये तंत्रज्ञाला लिफ्ट बंद करून दोर दाखवायला सांगावे. दोरावर तांबूस भुकटी दिसणे हे आतल्या तारा घासल्या जात असल्याचे लक्षण आहे, आणि गिअरच्या तेलात पितळी चमक दिसली तर गिअरचे चाक झिजत आहे. अंतिम तपासणी मात्र ज्याला नवी लिफ्ट विकायची नाही अशा स्वतंत्र अभियंत्याकडूनच करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

पुनर्विकासाचा करार नोंदला गेला असेल आणि घरे रिकामी करण्याची तारीख ठरली असेल, तर दोर, ब्रेक व दारांची कुलपे एवढ्यावर थांबणे शहाणपणाचे आहे. नुसती चर्चा असेल, तर तिच्या भरवशावर राहू नये. पुण्यात अशा चर्चा वर्षानुवर्षे चालतात आणि तेवढा काळ माणसे त्याच लिफ्टने ये-जा करतात. दार उघडे असताना लिफ्ट हलत असेल, तर सभेची वाट न पाहता ती त्याच दिवशी बंद करावी.

बहुधा आपल्याला आधुनिकीकरण पुरेल : नवे पॅनेल, मोटरचा वेग सावकाश वाढवणारी-कमी करणारी व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह, नवे दोर आणि वीज गेल्यावर बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत नेणारी एआरडी. आपोआप उघडणारी दारे घेण्याआधी शाफ्ट, म्हणजे लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते ती उभी पोकळी, मोजून घ्यावा. सहा माणसांची, म्हणजे ४०८ किलोंची केबिन मुळातच लहान असते. दारांच्या यंत्रणेने आणखी जागा खाल्ली, तर चाकाची खुर्ची आत जाणार नाही. या बदलांसाठी लिफ्ट निरीक्षकांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अर्ज कोणी करायचा, हे करारातच लिहून घ्यावे.

खर्चाविषयी सांगायचे, तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) लिफ्टच्या दुरुस्ती-देखभालीचा खर्च, कोणी ती वापरो वा न वापरो, इमारतीतील सर्व सभासदांत समान वाटला जातो. तळमजल्यावरील सभासदांना नोटीस पाठवण्याआधी तो नियम आणि अभियंत्याचा अहवाल त्यांच्यासमोर ठेवावा. अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावे.

प्रश्न : दर पावसाळ्यात आमच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते. लिफ्ट बदलल्यास त्रास थांबेल का? – एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : थांबणार नाही. ते पाणी इमारतीचे आहे, लिफ्टचे नव्हे. खड्ड्यातील बफर (केबिन खाली आदळल्यास धक्का झेलणारे भाग) गंजतात, स्विच निकामी होतात आणि नवे भागही दोन पावसाळ्यांत त्याच गतीला जातात. आधी खड्ड्याचे वॉटरप्रूफिंग करून एक पावसाळा पाहावा, मगच लिफ्टचे दरपत्रक मागवावे. पाणी दिसताच लिफ्ट वरच्या मजल्यावर उभी करून वीजपुरवठा बंद करावा, आणि हे रखवालदाराला आजच शिकवून ठेवावे.