ट्रॅकची की (सूरपट्टी) शेजारची आहे, तरी मिक्स बेसूर का वाटतो?

प्रश्न : दादा, मी डीजे कंट्रोलरवर ट्रान्सचे (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा एक प्रकार) सेट वाजवायला शिकतोय. एक ट्रॅक ८ए, १३८ बीपीएमचा (मिनिटाला १३८ ठोके) आणि दुसरा ९ए, १३४ चा. कॅमेलॉट व्हीलवर (सगळ्या की १ ते १२ आकडे आणि ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर अशा अक्षरांनी मांडणारं चक्र) दोघं शेजारी, म्हणजे जुळायलाच हवेत ना? दुसऱ्याचा टेम्पो १३८ वर नेला, बीटही पक्का बसला, पण पहिल्याच्या ब्रेकडाउनमध्ये (किक थांबून मेलडी पुढे येते तो भाग) दुसऱ्याची मेलडी आत घेतली की कानाला जाम खटकतं. सॉफ्टवेअर ट्रॅकची की चुकीची दाखवतंय का?

उत्तर : मित्रा, सॉफ्टवेअरकडे नंतर येऊ, आधी सांग, मास्टर टेम्पो, म्हणजे वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण, चालू होता का? काही कंट्रोलरवर त्याला की लॉक म्हणतात. मला दाट शंका आहे की तो बंद होता, कारण १३४ वरून १३८ म्हणजे साधारण ३ टक्के वेग वाढला आणि लॉक नसेल तर वेगाबरोबर सूरही वर चढतो. ६ टक्क्यांच्या आसपास गेलं की अख्खा एक सेमीटोन (कीबोर्डवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) सरकतो, मग निदान की बदलून दुसरी कुठलीतरी खरी की तरी मिळते, पण ३ टक्के म्हणजे अर्धा सेमीटोन, त्यामुळे तुझा ई मायनरचा ट्रॅक ना ई मायनर राहिला ना एफ मायनर झाला, कीबोर्डवरच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकला. त्याला व्हीलवर नंबरच नाही, तो कुणाशीच जुळणार नाही. लॉक चालू कर आणि तोच मिक्स परत ऐक, बराचसा त्रास तिथेच मिटेल.

बराचसा म्हणतोय, सगळा नाही. ८ए म्हणजे ए मायनर, ९ए म्हणजे ई मायनर, दोघांच्या सातपैकी सहा सुरांची नावं एकच आणि म्हणून ते शेजारी. सातवा मात्र वेगळा, ए मायनरमध्ये एफ आणि ई मायनरमध्ये एफ शार्प. आता पहिल्याच्या ब्रेकडाउनमध्ये पॅड (मागचा लांब सुरांचा थर) एफवर लांबलचक थांबलाय आणि वरून दुसऱ्याच्या लीडने (मुख्य मेलडीच्या आवाजाने) एफ शार्प धरला, तर व्हील काहीही म्हणो, ते घासणारच! टेक्नोमध्ये हे खपून जातं कारण तिथे बऱ्याचदा सूर कमी असतात, ट्रान्समध्ये सगळा जीव मेलडीत आणि कॉर्डमध्ये असतो, त्यामुळे ट्रान्सवाल्याने नंबरपेक्षा जागा जास्त बघायला हवी असं माझं ठाम मत आहे.

जागा म्हणजे काय, तर पहिल्या ट्रॅकचा ब्रेकडाउन आणि ड्रॉप (त्यानंतर किक परतून पूर्ण जोर येतो तो भाग) पूर्ण वाजू दे, त्याची मेलडी उतरून नुसता किक, हॅट, बेस उरला की दुसऱ्याचा इंट्रो आत घे. इंट्रो ३२ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) असेल तर १३८ बीपीएमला साधारण ५५ सेकंद मिळतात, भरपूर झाले. तोवर दुसऱ्याचा लो ईक्यू (बेसचा आवाज कमी-जास्त करणारा नॉब) पूर्ण खाली ठेव आणि नवीन फ्रेज (संगीताचा पुढचा तुकडा) सुरू होते त्या पहिल्या बीटवर बेसची अदलाबदल कर, एकाचा खाली, दुसऱ्याचा वर. दोन बेस एकत्र कधीच नको, एक ए वर दुसरा ई वर गडगडत असला, तर की जुळूनही नुसता चिखल होतो. आणि मेलडीवर मेलडी चढवायचीच असेल तर सेम नंबर घे, ८ए वर ८ए, किंवा ८बी म्हणजे सी मेजर, त्यात सूर तेच सातही. तरी हेडफोनवर आधी ऐकूनच.

सॉफ्टवेअर चुकतं का, हो, चुकतं. मेजर-मायनरची गल्लत करतं, कधी शेजारचीच की सांगतं. ब्रेकडाउन लूपवर टाक, म्हणजे तो पुन्हा पुन्हा वाजत राहील, आणि कीबोर्डवर एक सूर धरून बघ, जिथे ट्रॅक घरी आल्यासारखा वाटतो तो मूळ सूर. मग तिसरा सूर तपास, ए असेल तर सी बसतो की सी शार्प? सी बसला तर मायनर. फाइलच्या कमेंटमध्ये बरोबर की लिहून ठेव.

आणि सेटमध्ये एकदम जोर चढवायचा असेल तर ८ए वरून ३ए ला जा, म्हणजे एक सेमीटोन वर. भारी वाटतं, पण ती उडी फक्त ड्रमवर मारायची, दोन्हीकडचा एकही सूर एकमेकांवर येता कामा नये.